मुकी की बहिरी

मालनआक्का बोलायच्या थांबल्या की मनगटावरच्या घड्याळाकडं बघायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना कंटाळा आलाय, उठा म्हणायचा इशारा आहे. तसं काही नसायचं. आपलं बोलून झालं, आता समोरच्याला वेळ द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. "आता तुमची बारी," म्हणायच्या आणि खरोखरच गप्प बसायच्या. समोरचा अडखळला, विषय सोडून भरकटला, तरी मध्ये तोंड घालायच्या नाहीत. आमच्या कॉलेजात स्टाफ मीटिंगला सातजण एकदम बोलतात आणि आठवा न ऐकताच इतिवृत्त लिहितो. तिथं ही सवय म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. पोरं त्यांना पाठीमागं 'बारी मॅडम' म्हणायची. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. त्यांच्यावर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण माझी बारी कधीची येऊन थांबली आहे, आणि मी ती इतकी वर्षं घालवत आलोय.

आक्का मूळच्या निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुट्टीत आक्काही तिच्याबरोबर पानं निवडायला बसायच्या आणि त्या धुळीनं शिंकून शिंकून बेजार व्हायच्या. "माझं शिक्षण शिंकांमुळं झालं," असं त्या वर्गात सांगायच्या. "आई म्हणली, हिच्यानं हे काम व्हायचं न्हाय, हिला शाळेतच बसवा." मग शाळा, कॉलेज, बेळगावला एम.एस्सी. आणि इथंच सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. बाबासाहेबांचा एक छोटा फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा, आणि त्याच्या शेजारी आईचा, वखारीच्या दारात उभी असलेली. वखारीनं त्यांना स्थिर हात दिला होता. टाचणीच्या टोकाएवढी बुरशी सुईवर उचलताना तो हात कधी कापला नाही. आमचे कापायचे.

मी त्यांचा विद्यार्थी. तेव्हा मला त्या 'महेश' म्हणायच्या, 'अरे-तुरे' करायच्या आणि लिहिलेलं जर्नल तोंडावर परत द्यायच्या. पुढं मी त्याच विभागात नोकरीला लागलो, त्या दिवसापासून 'सर' आणि 'अहो-जाहो' सुरू. मी म्हणालो, "आक्का, असलं काय तरी करू नका, लाज वाटते." त्या म्हणाल्या, "वाटू दे. पोरांसमोर तुमची किंमत मी न्हाय ठेवली तर कोण ठेवणार?" पोरं नसतानाही त्यांनी ते सोडलं नाही.

आता त्यांच्या बुरशीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय आक्का कळायच्या नाहीत. आमच्याकडं ऊस गेला की शेतकरी रानातलं पाचट पेटवतात. चार-पाच दिवसांनी त्या काळ्या रानात जळक्या बुडख्यांवर नारिंगी भुकटी उगवलेली दिसते. सगळं जळून गेल्यावर जी उठते ती ही बुरशी. तिच्या बीजाणूला कोंब फुटतो. असे दोन कोंब जवळजवळ असले तर सरळ वाढायचं सोडून एकमेकांकडं वळतात, भिडतात, मधली भिंत विरते आणि दोघांचं एक होतं. आंधळ्या, बिनकानांच्या कोंबाला शेजारी कोण आहे हे कळतं कसं, तर तो काहीतरी रसायन सोडतो. तो सोडत असताना दुसरा नुसता ऐकत असतो. थोड्या मिनिटांनी अदलाबदल होते. ऐकणारा बोलतो, बोलणारा ऐकतो. असं बारी-बारीनं चालत ते एकमेकांपर्यंत पोचतात.

"आणि दोघं एकदम बोलले तर?" मी विद्यार्थी असताना विचारलं होतं.

"तर कुणालाच कायबी ऐकू येत न्हाय. स्टाफ मीटिंग होते."

मोठ्या प्रयोगशाळांत लोकांनी पेशीतली प्रथिनं चमकती करून ही अदलाबदल डोळ्यांनी पाहिली आहे. आक्कांकडं साधा सूक्ष्मदर्शक, पेन्सिल आणि ते घड्याळ. सकाळी बीजाणू प्लेटवर टाकायचे, दुपारी कोंब वळायला लागले की बसायचं, दर चार मिनिटांनी चित्र काढायचं. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी तशीच. शिपाई बसवराज चहा घेऊन आला की डोळा न उचलता कानडीत म्हणायच्या, "स्वल्प तडी." थोडं थांब. चहा गार व्हायचा, बसवराज पुन्हा गरम करून आणायचा. अशा शेकडो चित्रांच्या वह्या होत्या त्यांच्या. घड्याळ बघायची खोड तिथनंच माणसांत आली.

एकदा वर्गात त्यांनी सांगितलं, की वेगळ्या जातकुळीच्या दोन बुरश्या जुळल्या तर जुळलेली पेशी मरून जाते. मागच्या बाकावरचा एक हुशार म्हणवणारा मुलगा उठला. "मॅडम, म्हणजे बुरशीत पण जात हाय की." सगळा वर्ग आक्कांकडं बघायला लागला. मी मागं प्रॅक्टिकलची यादी घेऊन उभा होतो. आक्कांनी घड्याळ बघितलं.

"झालं बोलून? आजून काय म्हणायचंय?"

"न्हाय मॅडम."

"मग ऐक. बुरशीत आपलं-परकं ठरतं ते तिच्या जनुकांनी. माणसात ठरतं ते माणसांनी ठरवलं म्हणून. आपलं गाठोडं तिच्या डोक्यावर ठिवू नको."

कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि सीमाभागाचं, मॅडम?"

"ते तर अजिबात ठिवू नको. मरंल बिचारी."

वर्ग हसला. तो मुलगा बसला. पुढं त्याला त्यांनीच आपल्या प्रोजेक्टला घेतलं.

एकदा त्या आमच्या रानात आल्या. माझं गाव संकेश्वरच्या अलीकडं. आप्पांनी पाचट पेटवलंय असं मी सहज बोललो, तर पाचव्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून हजर. साडीचा पदर खोचलेला, हातात चिमटा आणि वाफेत निर्जंतुक केलेली कागदी पाकिटं. आप्पा बांधावर उभे राहून बघत होते.

"बाई, जळक्या रानात काय शोधायल्यात?"

"जळल्यावर काय उठतंय ते बघायला आलोय आप्पा."

"काय उठणार? राख उठतीया."

आक्कांनी एक बुडखा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. आप्पा त्या नारिंगी भुकटीकडं बघत राहिले. "हे व्हय. ही तर दरसाल असतीया. आमी म्हणतो रान लालवलं." तो शब्द आक्कांनी लगेच पाकिटावर लिहून घेतला. त्यांनी पाकिटं भरली, आप्पा त्यांच्यामागं मागं बुडखे दाखवत फिरले.

मग आम्ही घरी चहाला गेलो. आईनं मला आणि आप्पांना कपबशीत चहा दिला आणि आक्कांना काचेच्या ग्लासात. तो ग्लास मला माहीत होता. रोजगाराच्या माणसांसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. आक्कांनी तो बघितला, माझ्याकडं बघितलं, चहा प्यायल्या, उठून मोरीवर गेल्या आणि ग्लास स्वतः धुऊन पालथा ठेवला. वाटेत माझ्या मागं बसून त्या उसाबद्दल बोलत राहिल्या. मी ती गोष्ट काढली नाही. काकती ओलांडून बेळगावात शिरेपर्यंत मला बोलायला मुबलक वेळ होता. आईलाही त्याबद्दल बोललो ते पुढं फार उशिरा, आणि भांडल्यासारखं.

त्या पाकिटांतल्या एका बुडख्यावर आक्कांना आयुष्यातली मोठी गोष्ट सापडली. ही बुरशी इतरांसारखी फुलत नव्हती. नळीत वर चढायची नाही, खाली चपट बसायची, पाहणाऱ्याला वाटावं कल्चर बिघडलंय. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे दोन कोंब शेजारून सरळ निघून जायचे. वळायचे नाहीत, भिडायचे नाहीत. आक्कांनी तिचं नाव ठेवलं 'मुकी'. पण आठवड्यातच त्यांना स्वतःच्याच नावाची शंका आली.

"सर, ही मुकी हाय का बहिरी?" त्या मला जिन्यात थांबवून म्हणाल्या. "हिला बोलायला येत न्हाय, का ऐकायला येत न्हाय? दोन्हीत फरक लई मोठा हाय. निरोप धाडणारी साखळी तुटलीया का निरोप घेणारी, ते कळलं पायजे."

त्यासाठी मुकीला साध्या बुरशीच्या शेजारी बसवायचं आणि कोण कुणाकडं वळतं ते पाहायचं. चमकत्या प्रथिनांचा सूक्ष्मदर्शक असलेल्या एका संस्थेनं दिवाळीच्या सुट्टीत या म्हणून कळवलं होतं. आक्कांची पीएच.डी. दोनदा सुरू होऊन दोनदा सुटली होती, एकदा आईच्या आजारपणात आणि एकदा मार्गदर्शकांच्या लहरीत. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्या कुणाला सांगत नव्हत्या, पण दर चार मिनिटांनी काढलेल्या त्या सगळ्या चित्रांना आता कुठं अर्थ येणार होता. मला मात्र सांगितलं होतं. "मुकीला झोपवून ठिवलंय," म्हणाल्या, "सुट्टीपर्यंत टिकंल." कशी झोपवली, कुठं ठेवली, हे मी विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडं तपासणी समिती येणार होती. मी ऊतिसंवर्धनाची खोली सांभाळत होतो. बाटल्यांत उसाची इवली रोपं वाढवायची. माझा त्यावर जीव. समिती यायच्या आठ दिवस आधी त्या बाटल्यांत नारिंगी भुकटी दिसायला लागली. ही बुरशी प्रयोगशाळेत एकदा मोकळी सुटली की आवरत नाही, वाऱ्याबरोबर सगळीकडं जाते. आक्का आईला बघायला निपाणीला रजेवर होत्या. विभागप्रमुख म्हणाले, "महेश, त्यांचं कपाट आधी साफ करा, नाहीतर तुमची रोपं समितीला दाखवायची नाहीत." मी रागात होतो. कपाट उघडलं आणि नळ्या, प्लेटा, सगळं वाफेच्या भट्टीत घातलं. चपट बसलेल्या बुरशीच्या नळ्या तर आधी घातल्या, त्या बिघडलेल्याच वाटत होत्या.

हे झालं ते झालं. हुकूम होता, घाई होती, आक्कांनी समजून घेतलं असतं. पण कपाटाच्या तळाशी चहापत्तीचा एक जुना डबा होता. त्यात लहान लहान बाटल्या, निम्म्यापर्यंत पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या. ओल शोषून घेणारे खडे. आमच्याकडं पावसाळ्यात वजनाच्या तराजूच्या काचपेटीत असे खडे ठेवावे लागतात, नाहीतर तो वजन खोटं दाखवतो. ते ओले झाले की कोरड्या भट्टीत तापवून पुन्हा वापरतात. मला वाटलं, आक्कांनी जुने खडे साठवून ठेवलेत, काटकसरी बाई. समिती तराजू बघणारच होती. मी सगळ्या बाटल्या एका ताटलीत ओतल्या, दोन तास कडक तापवल्या आणि चांगले कोरडे खडे तराजूच्या पेटीत ठेवले. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या, रिकामा डबा भंगारात टाकला. स्वतःवर खूश होतो.

आक्का परत आल्या. मोकळं कपाट बघून क्षणभर कडीला धरून उभ्या राहिल्या.

"समितीमुळं, आक्का," मी म्हणालो. "तुमच्या नळ्यांतनं उडून माझ्या रोपांत गेली होती."

"व्हय. माझीच चूक, मी झाकण नीट लावाय पायजे होतं." मग म्हणाल्या, "आणि डब्यातल्या बाटल्या? खड्यांच्या? मुकी त्यातच हाय. सुकवून खड्यांवर ठिवलीया, वर्षानुवर्षं राहते."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि तोंडातनं निघालं, "माहीत नाही. मी डबा बघितला नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यात तास झाल्याची घंटा वाजली आणि मी सुटलो.

सांगायचं, उद्या सांगायचं, असं मी ठरवत गेलो. विभागप्रमुखांनी बसवराजला झापलं, डबा तूच फेकलास म्हणून. आक्का मध्ये पडल्या, "बसू असं करणार न्हाय." मी तिथंच उभा होतो. पुढं निवृत्त होईपर्यंत आक्का मधूनच खण उघडायच्या, कपाटांच्या मागं हात घालायच्या, आणि मी जवळून गेलो की थांबायच्या. रोज त्या तराजूवर बुरशीच्या खाद्यासाठी साखर तोलायच्या, आणि त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर काचेच्या भांड्यात ते पांढरे खडे असायचे. मी एकदा चार खडे चोरून प्लेटवर टाकून बघितले. आग सोसणारी बुरशी म्हणून मला वेडी आशा होती. काही उगवलं नाही. आगीतनं उठतात ते तिचे वेगळे, जाड सालीचे बीजाणू, खड्यांवर सुकवलेले ते नव्हेत. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

दिवाळीची सुट्टी आली आणि गेली. आक्का त्या संस्थेत गेल्या नाहीत.

मग मी रानावर भिस्त ठेवली. दरसाल पाचट पेटवलं की मी बुडखे गोळा करून आणायचो. आक्का खूश व्हायच्या, बसून चित्रं काढायच्या. एकूण एक कोंब शहाण्यासारखे वळायचे. मुकी पुन्हा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी आप्पांनी पाचट जाळायचं सोडलं, आता सगळेच कुजवतात, जमिनीला चांगलं असतं. रान लालवायचं थांबलं. आप्पा मला म्हणाले, "त्या बाईंना सांग, आमी जाळायचं बंद केलंय. वाट बघत बसतील." आई त्या वेळी चुलीपाशी होती. म्हणाली, "येऊ देत की एकदा घरी. कपबशीत देतो च्या."

मी तो निरोपही दिला नाही. तो द्यायचा तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. विभागप्रमुख आक्कांच्या संशोधनवृत्तीवर बोलले. आक्का उत्तराला उठल्या, दोन मिनिटं बोलल्या, "आता तुमची बारी," म्हणून खाली बसल्या. सगळे हसले. निपाणीची गाडी गाठायला मी त्यांना मोटारसायकलवरनं स्टँडवर सोडलं. चित्रांच्या वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. मी खाली खिडकीला धरून उभा. आज सांगायचंच, असं ठरवून आलो होतो.

"महेश," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा महेश. "त्या तराजूतले खडे बदल रं आता. त्यात काय उगवत न्हाय. मी तवाच बघितलंय, दहा प्लेटा लावून."

माझ्या हाताखालची खिडकीची सळई गरम होती, एवढंच मला आठवतं. रजेवरनं आल्या त्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं. तीन वर्षं त्या खण उघडत होत्या, मी जवळून जाताना थांबत होत्या, त्या डब्यासाठी नव्हे.

त्यांनी मनगट वळवलं आणि घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं बघत शांत बसल्या, कोंब बघताना बसायच्या तशा. ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं दार ओढलं. त्या अजून बघतच होत्या, तोंडावर राग नव्हता, घाई नव्हती.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "बदलतो."

त्यांनी मान हलवली. गाडी मागं सरकली, वळली, आणि खिडकीत त्यांचा हात दिसला. पदराच्या टोकानं त्या घड्याळाची काच पुसत होत्या.